लाकडी खेळण्यांची आठवण आणि कारागिराचा हिशेब

लाकडी ठोकळे, तारेवरच्या मण्यांची पाटी, कड्यांचा मनोरा, पांगुळगाडा ही नावे निघाली की पिकल्या केसांची माणसेही हळवी होतात. आम्हीही होतो. बेरीज-वजाबाकी आम्ही पुस्तकाआधी त्या मण्यांवरच शिकलो. पण ही आठवण आज बाजारात विकली जात आहे. तिचे पैसे कोणाच्या गल्ल्यात पडतात, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी पाहिले पाहिजे.

कर्नाटकातील चन्नपट्टणचेच घ्या. बेंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना सुमारे ६० किलोमीटरवर हे खेळण्यांचे गाव आहे. तेथे लेथवर बसणाऱ्यांत मुस्लिम कारागीर पुष्कळ आहेत. टिपू सुलतानांनी या कलेला आश्रय दिला, असे तेथे सांगतात. लाकूड काळ्या कुड्याचे, हलके आणि पांढरट. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळून चढते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. पिवळा रंग हळदीचा, निळा निळीचा. मूल कोणतीही वस्तू आधी तोंडात घालते, तेव्हा या रंगांचे मोल आईबापांना समजावून सांगावे लागत नाही.

स्वस्त चिनी प्लॅस्टिकपुढे हा धंदा पार दबून गेला होता. सरकारने खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक निर्देशांकाच्या अधिकृत वापरकर्त्यांना त्यातून सूट दिली गेली. चन्नपट्टणच्या खेळण्यांना हा निर्देशांक मिळालेला आहे. म्हणजे दार उघडे आहे, पण कागद ज्याच्या हातात त्यालाच आत प्रवेश!

इकडे शहरातल्या दुकानात तोच मनोरा देखण्या खोक्यात ‘शैक्षणिक खेळणे’ म्हणून बसतो. खोक्यावर नाव दुकानाचे, कातणाऱ्याचे कुठेच नाही. दोष केवळ दुकानदाराचा नाही. आपल्याकडून ठोकळ्यांची मापे सारखी येत नाहीत, वायदा पाळला जात नाही. कड्या लहान-मोठ्या क्रमाने लावताना मूल माप शिकते, हे खोक्यावर दोन ओळींत छापायला असा किती खर्च येतो? खाली गावाचे आणि कारागिराचे नाव टाकायला तर तेवढाही नाही. पुढच्या ऑर्डरला हात लावण्याआधी ज्यांची नोंदणी राहिली आहे त्यांनी ती करून घ्यावी आणि खोके आपल्या नावाचे छापून घ्यावे.