कावळा बसला आणि फांदी मोडली

पावसाळ्यात गावाकडे गेले की एक प्रश्न हमखास कानी पडतो. "आमच्या मांत्रिकाने साप चावलेली शेकडो माणसे उठवली, तुमच्या विज्ञानाने किती उठवली?" असे विचारणारा इसम खोटे बोलत नसतो. त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. घाबरलेला माणूस ओट्यावर आणला, लिंबाचा पाला फिरवला, मंत्र पुटपुटले, आणि दोन तासांनी तो चहा पिऊन घरी गेला. पाहिलेले खरे, पण काढलेला निष्कर्ष खोटा. हे कसे होते, तेवढेच आज पाहू.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असे आपल्या घरातल्या म्हाताऱ्याही म्हणतात. जुन्या पंडितांनी याला काकतालीय न्याय असे भारदस्त नाव दिले. आधी हे घडले, मग ते घडले, म्हणून यामुळेच ते घडले, ही ती चूक. फांदी आतून किडली होती की नाही, हे कोणी बघत नाही.

आता सापाची फांदी आतून पाहू. आपल्याकडे माणसे मरतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे. धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे सारे बिनविषारी. कवड्या तर घरात शिरतो आणि मण्यारीसारखा दिसतो, त्यामुळे त्याच्या चाव्याने निम्मी वाडी रडायला लागते. शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. असा कोरडा चावा बसलेला माणूस मंत्राने उठतो, मंत्राविनाही उठतो आणि मांत्रिकाला शिव्या घातल्या तरी उठतो.

मी पडलो हिशेबाचा माणूस, म्हणून हिशेबाच्याच भाषेत सांगतो. समजुतीसाठी धरा, मांत्रिकाकडे शंभर माणसे आली आणि त्यांतल्या सत्तरांच्या अंगात विष गेलेलेच नव्हते. ते सत्तर घरी गेले, मांत्रिकाच्या जमेस लागले आणि गावोगाव त्याचे नाव सांगत फिरले. उरलेल्यांतले जे गेले, ते "उशीर झाला", "विटाळ झाला" म्हणून वहीतून खोडले गेले. एकच बाजू लिहिलेली खतावणी आमच्या ऑफिसात कोणी घेऊन आला, तर साहेब त्याला दारातूनच परत पाठवील.

त्याहून वाईट प्रकार वेगळाच आहे. चार तास मांत्रिकाकडे घालवून, श्वास अडकू लागल्यावर रोग्याला सरकारी दवाखान्यात आणतात. तो दगावला की मरण डॉक्टरच्या नावे पडते. वाचला असता तर जगणे मंत्राच्या जमेस! मग हेच लोक म्हणतात, "दवाखान्यातही माणसे मरतातच की." मरतात, पण म्हणून मंत्राने जगतात हे कोठे सिद्ध झाले? एकाची उणीव हा दुसऱ्याचा पुरावा होत नाही.

खरा प्रश्न असा विचारावा: हा उपाय केला नसता तर काय झाले असते? महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाचा अनेक वर्षे अभ्यास केला. प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने त्यांनी अनेक रोगी वाचवले. पुढे प्रश्न आला, सोबत विंचवाचे प्रतिविष दिले तर अधिक लाभ होतो काय? "दिले आणि बरा झाला" एवढ्यावर ते थांबले नाहीत. 70 रोग्यांचे 35-35 असे दोन गट केले. कोण कोणत्या गटात जाईल, हे कोणाच्या मर्जीवर ठेवले नाही. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते प्रतिविष मिळालेल्यांतले 32 आणि केवळ प्राझोसिन मिळालेल्यांतले 8. हा निबंध 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. बरे झालेले दोन्हीकडे होते, हे ध्यानात घ्या. औषधाचा गुण कळला तो दोन आकडे शेजारी मांडल्यावर.

काविळीच्या माळेचेही तेच. दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते. माळेतल्या काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. आपल्या सुशिक्षित पोरीबाळीही ती गळ्यात घालतात, याचे मात्र वाईट वाटते.

2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक खेड्यातली. शेतात राबणारी, जमिनीवर निजणारी, म्हणजे आपलीच माणसे. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद.

सुट्टीत मुलांना गावी पाठवणाऱ्या आयाबहिणींनी एवढे सांगून ठेवावे. चावल्या जागी कापू नये, चोखू नये, दोरी करकचून आवळू नये. अंगठी, बांगड्या काढाव्यात. हातपाय हलू न देता 108 ची गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पदंशाची लस असलेले सरकारी रुग्णालय गाठावे. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते, सूज नाही, फारशी आगही नाही. पहाटे पोर पोट दुखते म्हणाले आणि पापण्या जड झाल्या, तर अपचन समजून ओवा देत बसू नये, तडक निघावे.