मका: एकसारखेपणाची किंमत
सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी टिओसिंटे या रानगवतापासून मका घडवला. निवडीगणिक कणीस भरत गेले. मात्र दाणे आपोआप विखुरण्याची शक्ती लोपली आणि जनुकीय वैविध्य आटले.

पुढे अमेरिकेत तुरे खुडण्याची मजुरी वाचावी म्हणून ‘टेक्सास’ नावाचे, परागकण वांझ करणारे एकच पेशीद्रव्य बहुतांश संकरित मक्यात आणले गेले. नेमके तेच करपा रोगाला सहज बळी पडणारे निघाले. १९७० साली देशाचे सुमारे १५ टक्के पीक बुडाले.

भरघोस पिकासाठी केलेली निवड गैर नाही. परंतु गावरान वाण आणि रानटी भाईबंद न जपता ती करणे म्हणजे पेरणीसाठी राखलेले बियाणेच दळून खाणे होय.