बिनटाक्याचं कापड

इंदूरला गेलो की एका शिंप्याच्या दुकानात माझी फेरी ठरलेली. दुकान जेमतेम दोन माणसांचं. मशीनच्या वर भिंतीवर एक छापील चित्र आहे: एका बाजूला काबा, दुसऱ्या बाजूला मदिनेचा हिरवा घुमट. असली चित्रं आपण म्हापशात, मडगावातही बघतो आणि पुढं जातो. बाजारू छपाई, त्यात बघायचं काय!

मागच्या खेपेला मी चाचांना विचारलं, हजला काय पाहिलंत? चित्राकडे बोट दाखवतील असं वाटलं होतं. त्यांनी कपाटातून इहरामची दोन पांढरी वस्त्रं काढली. एक नेसायचं, एक पांघरायचं. पुरुषांच्या इहरामला शिवण चालत नाही. चाचा म्हणाले, "जन्मभर टाके घातले, पण त्याच्या दारात गेलो तो बिनटाक्याच्या कापडात." ही वस्त्रं त्यांनी कफनासाठी राखून ठेवली आहेत.

मुसलमान नसलेल्याला मक्केत प्रवेश नाही. म्हणजे माझ्यासारख्याला तिथं पोचायच्या वाटा दोनच: कुणाचा तरी अनुभव आणि चित्र. अहमद मातेर या सौदी चित्रकाराची 'मॅग्नेटिझम' ही कलाकृती २०१२ साली ब्रिटिश म्युझियमच्या हज-प्रदर्शनात होती. मधे काळा चौकोनी लोहचुंबक, भोवती लोखंडाचा कीस. बस्स, एवढंच. पण सात फेरे घालणारा जमाव त्यात दिसतो. माणूस म्हणजे एक कण, आणि ओढ सगळ्यांना एकच.

वारी पाहिलेल्या मराठी माणसाला ही ओढ समजवून सांगावी लागू नये. म्हणून दोन्ही एकच, असं मात्र मी म्हणणार नाही. पंढरीत विठ्ठल समोर उभा असतो, पायांवर डोकं ठेवता येतं. काब्यात मूर्ती नाही. फेरे घालायचे ते बाहेरून. हा फरक पुसून जवळीक साधता येत नाही, आणि साधायची गरजही नाही.

इंदुरात हे सुचावं याला कारण आहे. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले, वाढले इंदुरात. तिथल्या कलाशाळेत देवळालीकर मास्तरांकडे शिकले. बेंद्रेही त्याच मास्तरांचे शिष्य. २००६ साली हुसेननी देश सोडला. २०११ साली लंडनमध्ये गेले, इंग्लंडच्या मातीतच पुरले गेले. त्यांच्या काही चित्रांबद्दल माझीही तक्रार आहे. पण पंढरपूरच्या माणसाला परतीची वाट राहू नये, हे मला आजही बोचतं.

दुसऱ्याचा देव आपला मानायला कुणी सांगत नाही. त्याच्या भिंतीवरच्या चित्रापाशी घटकाभर थांबावं, विचारावं, ऐकावं. मी इतकी वर्षं त्या दुकानात जातोय, आणि विचारलं मात्र मागच्या खेपेला.