बूट धावत नाहीत, पाय धावतात

पोलीस भरतीसाठी धावणारी आपली मुले-मुली हल्ली महागड्या बुटांचा हट्ट धरतात. त्यांत खरेच काही आहे काय?

आहे. तळाचा जाड, हलका फोम पाऊल पडताच दबतो आणि उसळून बरीचशी ताकद परत देतो. आत कार्बनची ताठ पट्टी असते. 2017 साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाने असे नाइकीचे बूट 18 कसलेल्या धावपटूंच्या पायांत तपासले. त्यांची ऊर्जा सरासरी 4 टक्के वाचली. या अभ्यासाला पैसा नाइकीचाच होता. पण पुढे इतरांनाही फायदा दिसला.

मात्र फायदा सर्वांना सारखा होत नाही. शिवाय ऊर्जा 4 टक्के वाचली म्हणून वेळही 4 टक्के घटत नाही. फोमही झिजून निकामी होतो. आणि 1960 साली इथिओपियाच्या अबेबे बिकिलांनी रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली होती!

म्हणून बंधू-भगिनींनो, आम्ही सांगतो, या बुटांसाठी कर्ज काढू नका. पायाला नीट बसणारे साधे बूट घ्या. उरलेला पैसा मुलांच्या दूध, अंडी, कडधान्यावर खर्च करा. आणि मुलांनो, बूट साधे म्हणून मैदान सोडू नका.

जय भीम!