एका कॅबिनेटमध्ये दोन संगणक घेण्याआधी

इटियाडोह परिसरात ऑनलाइन सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान किंवा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ चालवणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एकाच कॅबिनेटमध्ये दोन स्वतंत्र संगणक बसवायचं मनात असेल, तर पैसे मोजण्याआधी थोडं थांबा.

अशी कॅबिनेट बाजारात आहेत. कोर्सेअरचं ऑब्सिडियन १०००डी २०१८ मध्ये आलं. त्यात एक मोठा एटीएक्स मदरबोर्ड आणि एक छोटा मिनी आयटीएक्स, असे दोन बसतात. फँटेक्सच्या एन्थू प्रो २ मध्येही ही सोय आहे. दुकान अरुंद, टेबल एकच, त्यावर प्रिंटर आणि अंगठ्याचं यंत्र. अशा वेळी दोन डबे ठेवण्यापेक्षा एकच बरा वाटणं साहजिक आहे.

पण एक संगणक बिघडला की काय कराल? आपल्याकडे मोठी दुरुस्ती निघाली की अर्जुनी मोरगावहून गोंदिया नाहीतर नागपूर गाठावं लागतं. १०००डी रिकामंच सुमारे ३० किलोचं आहे. ते गाडीत चढवून न्यायचं, आणि त्याच्यासोबत धडधाकट असलेला दुसरा संगणकही दुकानातून जायचा. धान विक्रीच्या ऑनलाइन नोंदणीची घाई आहे, दारात शेतकरी सातबारा घेऊन उभे आहेत आणि दोन्ही संगणक गोंदियाला आहेत, ही वेळ कुणावर येऊ नये. दुसरा संगणक आपण पहिला बंद पडला तर काम अडू नये म्हणूनच घेतो. त्यामुळे सेवा केंद्रवाल्यांना माझा सरळ सल्ला आहे: दोन वेगळे डबे घ्या. जागाच नसेल तर दुसरा संगणक टायनी प्रकारातला घ्या. तो मॉनिटरच्या मागे बसतो, ६५ किंवा ९० वॅटच्या अडॅप्टरवर चालतो आणि बिघडला तर पिशवीत घालून नेता येतो.

स्टुडिओवाल्यांची गोष्ट वेगळी. लग्नसराईत एक संगणक तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करत असतो आणि दुसऱ्यावर अल्बमचं काम चालू ठेवायचं असतं. तुम्हाला दोन्ही एकत्र हवे असतील तर सगळ्यात आधी एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, बघा. काही कॅबिनेटमध्ये दोन एसएमपीएसची जागा असते, तर काहींत एकाच खास एसएमपीएसवर दोन्ही बोर्ड चालवतात. तो एक जळला की दोन्ही संगणक बंद. इटियाडोह धरणाचं पाणी तीन जिल्ह्यांत जातं, पण फाट्याफाट्याला दार वेगळं असतं; तसाच प्रत्येक बोर्डाला आपला एसएमपीएस हवा. यूपीएसही वेगवेगळे ठेवा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. ग्राफिक्स कार्डाचा संगणक त्यावर एकटासुद्धा जड जातो.

मग उन्हाळ्याचा विचार करा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो. पंखा आत घेतो ती हवाच तापलेली, वर टिनाचं छप्पर. दोन संगणकांनी मिळून ५०० वॅट ओढले तर जवळपास तेवढीच उष्णता एका डब्यात साचते. मोठ्या बोर्डाची गरम हवा छोट्या बोर्डावरून बाहेर जात असेल, तर ते कॅबिनेट घेऊ नका. समोर काच नको, जाळी हवी. जाळीमागे धुळीचा फिल्टर हवा आणि तो हाताने काढून धुता आला पाहिजे. राइस मिलजवळ दुकान असेल तर कोंड्याची बारीक धूळ पंख्यात किती लवकर बसते हे तुम्हाला सांगायला नको. फिल्टर आठवड्याला काढावा लागेल, म्हणून तो कुठून निघतो हे दुकानातच बघून घ्या.

छोट्या बोर्डाचंही बघा. मिनी आयटीएक्स १७० मिलिमीटर चौरस असतो. त्यावर बहुतेक वेळा रॅमच्या दोनच जागा आणि कार्डाची एकच. आपल्या भागातल्या दुकानांत तो बहुधा मागवावा लागतो, आणि तशाच सोयींच्या मायक्रो एटीएक्सपेक्षा महागही पडतो. काही कॅबिनेटमध्ये दुसरा बोर्ड बसवण्याचा ब्रॅकेट वेगळा विकत घ्यावा लागतो. तो सोबत आहे का, हे बिल होण्याआधी विचारा. चालू करायची बटणं दोन आहेत का, समोरचे यूएसबी कोणत्या बोर्डाला जोडणार, हेही विचारा.

आणि जिवाच्या काळजीची एक गोष्ट. एका संगणकाच्या कामासाठी कॅबिनेट उघडताना दुसरा चालू राहिला, तर आत वीज खेळत असते. दोन्ही प्लग काढल्याशिवाय झाकणाला हात लावू नका, पोरांनाही लावू देऊ नका. पावसाळ्यात गडगडाट सुरू होण्याआधीच दोन्ही प्लग आणि ब्रॉडबँडची वायर काढून ठेवा. दुकानाला अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचे पैसे बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवा.