सात जागा, कप एकच

यंदाच्या गॅदरिंगला कबड्डीचा 'बेस्ट प्लेयर' कप कोणाला मिळाला हे सांगायची गरज नाही. रेडरलाच. मागच्या वर्षी? तेव्हाही रेडरलाच. निवड चुकली असं मी म्हणत नाही, पोरगा खेळतोच तसा. माझं भांडण त्या एकुलत्या एक कपाशी आहे.

मी अहेरीचा. आमच्याकडे धान निघालं की रात्रीच्या टुर्नामेंट सुरू होतात, आलापल्लीकडून, सिरोंच्याकडून टीम येतात. माझा चुलतभाऊ डावा कोपरा खेळायचा. रेडरने बोनससाठी पाय टाकला की घोटा याच्या हातात, मग कव्हरवाले वरून. एका फायनलला आपले तीनच गडी उरले असताना त्याने पकड केली. सुपर टॅकलचे 2 गुण मिळाले, लोण टळला, मॅच जिंकली. कप मात्र रेडरने नेला. दादाला विचारलं तर म्हणाला, "कोपऱ्याचा फोटो कोन काढते बे?" त्याची करंगळी अजून सरळ होत नाही.

मोठ्या मैदानावरही हेच. 2015 साली यू मुंबाने बंगळुरू बुल्सला 36-30 ने हरवून प्रो कबड्डी जिंकली. अनुप कुमार सगळ्यांना आठवतो. पण कोपऱ्यात सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, कव्हरला जीवा कुमार आणि आपला विशाल माने, ही भिंत किती जण सांगतील? (आमच्या विंगमध्ये दोघांनी सांगितली. एक जण चहाची पैज हरला.) 2023 च्या लिलावात मात्र डाव्या कोपऱ्यातल्या इराणी शादलूला 2 कोटी 35 लाख मिळाले. रेडर पवन सेहरावतला त्याहून जास्त मिळाले, ते असो. बाजाराला कोपऱ्याची किंमत कळली, आपल्या जिमखान्याला अजून कळायची आहे.

म्हणून मागणी अशी की सातही जागांचे उत्कृष्ट खेळाडू जाहीर करा: दोन कोपरे, दोन कव्हर, दोन इन, एक सेंटर. सात कप नकोत, बजेट आम्हालाही माहीत आहे. सर्टिफिकेट चालेल. निवड कोण करणार, असं सर विचारतील. चढाईचे गुण स्कोअरशीटवर दिसतात, पण साखळी कोणी सोडली नाही हे तिथे दिसत नाही. ते समोरच्या टीमच्या रेडरला विचारा. कोणत्या बाजूला जायची भीती वाटली, तो बरोबर सांगेल.

अर्ज लिहून माझ्या रूमवर ठेवला आहे. पहिली सही कपवाल्या रेडरची आहे.