व्याजदर वाढले? सेन्सेक्सआधी घरचा हप्ता बघा

4 मे 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने वेळापत्रकात नसलेली बैठक घेऊन रेपो दर 4 वरून 4.40 टक्के केला. त्याच दिवशी सेन्सेक्स सुमारे 1,300 अंकांनी कोसळला. पुढे फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो दर 6.50 टक्क्यांवर गेला.

व्याजदर वाढले की शेअर का पडतात?

कंपन्यांचे कर्ज महागते, नफा घटतो. कर्जावर घर, गाडी घेणारे ग्राहक थांबतात. एफडीवर जास्त व्याज मिळू लागले की काही पैसा तिकडे वळतो.

चौथे कारण गणिताचे. दहा वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत 6 टक्के दराने सुमारे 56 रुपये होते, 8 टक्क्यांनी 46. म्हणूनच ज्यांचा नफा अजून लांब आहे, अशा कंपन्यांच्या शेअरना जास्त फटका बसतो.

मग बाजार पडतच राहिला का?

नाही. दरवाढ सुरू असतानाच, 30 नोव्हेंबर 2022 रोजी सेन्सेक्सने पहिल्यांदा 63 हजारांचा टप्पा ओलांडला. मे महिन्यात घाबरून शेअर विकणाऱ्यांना ही तेजी मिळाली नाही.

खरा फटका कुठे?

माझ्या मते, घरच्या हिशेबात. समजा, 30 लाखांचे गृहकर्ज 20 वर्षांसाठी आहे. 7 टक्के दराने हप्ता सुमारे 23,260 रुपये. दर 9.5 टक्के झाला आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ता 27,960 रुपये. म्हणजे महिन्याला 4,700 रुपये जास्त. अनेक घरांत एसआयपीची रक्कमही साधारण एवढीच असते! बाजार सावरला, तरी ओढाताणीत बंद पडलेल्या एसआयपीला त्याचा फायदा मिळत नाही.

काय कराल?

दर वाढला की बँकेला विचारा, हप्ता वाढवलाय की मुदत? ही निवड कर्जदाराला द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्येच बँकांना सांगितले आहे. हातात शेअर असतील, तर त्या कंपन्यांवर कर्ज किती, ते तपासा. क्रेडिट कार्डची थकबाकी असेल, तर आधी ती फेडा. तिचे व्याज भरून काढेल असा परतावा बाजार दरवर्षी देत नाही. आणि हप्ता भरूनही हातात पैसे उरत असतील, तर केवळ दरवाढीच्या बातमीने एसआयपी थांबवू नका.